सडपातळ फोन आणि खऱ्या कळा : ब्लॅकबेरी की-टू आज घ्यावा का?

नमस्कार. ज्यांचा दिवस फोनवर बोलण्यापेक्षा फोनवर लिहिण्यात अधिक जातो, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या, म्हणजे ओतकामाच्या, ऑर्डरी सांभाळणारे, चाकणच्या ग्राहकाला दर, वजन आणि डिलिव्हरीची तारीख शॉप फ्लोअरवर उभ्याउभ्या मेलने कळवणारे लोक मला वारंवार विचारतात, की खऱ्या कळांचा, पण खिशात मावेल असा बारीक फोन आज घेण्यात अर्थ आहे का. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानांत असे जुने फोन अधूनमधून दिसतात, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

माझ्या हातात आहे तो ब्लॅकबेरी की-टू. (फोन कडेने दाखवणे.) हा २०१८ साली भारतात आला, तेव्हा त्याची किंमत ४२,९९० रुपये होती. जाडी ८.५ मिलिमीटर, वजन १६८ ग्रॅम. त्याआधी २००८ मध्ये नोकियाचा ई-७१ आला होता, तो १० मिलिमीटर जाडीचा आणि १२७ ग्रॅम वजनाचा होता, आणि कीबोर्डच्या फोनला तेव्हा तो फारच बारीक मानला गेला. म्हणजे की-टू त्याहूनही बारीक आहे, मात्र उंचीने बराच मोठा. हा बारीकपणा साधतो, कारण कीबोर्ड पडद्यामागून सरकून बाहेर येत नाही, तर समोरच, पडद्याच्या खालच्या बाजूला कायमचा बसवलेला आहे. त्याची किंमत पडदा मोजतो. पडदा साडेचार इंचांचा आहे, आणि ड्रॉइंग किंवा एक्सेलचा रुंद तक्ता पाहताना तो कमी पडतो.

आता कीबोर्डकडे येतो, कारण हा फोन घ्यायचा तर त्याच्यासाठीच. चार ओळींत ३५ कळा आहेत आणि मागून त्यांना उजेड आहे. कळेचा पृष्ठभाग एका बाजूला किंचित उतरता असल्यामुळे अंगठ्याला न पाहता कळ सापडते. दाबल्याचे बोटाला कळते, आणि पडद्यावर नजर न ठेवता वाक्य पुढे जाते. कळांवरून बोट फिरवले की मजकूरही सरकतो. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर स्पेसबारमध्येच आहे, आणि प्रत्येक अक्षराच्या कळेला दोन कामे नेमून देता येतात, एक हलक्या दाबाला आणि एक लांब दाबाला. नेहमीच्या ग्राहकाला फोन लावणे किंवा नवा मेल उघडणे एका कळेवर येते. इंग्रजीत मेल लिहिणाऱ्याला हा कीबोर्ड मनापासून आवडेल, आणि याबाबत मला शंका नाही.

पण कोल्हापुरात आपण दिवसभर इंग्रजी लिहीत नाही. कामगारांच्या गटात, वाहतूकदाराला, घरच्यांना आपण मराठीत लिहितो, आणि या फोनच्या मूल्यमापनात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, तरीही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. कळांवर अक्षरे रोमन आहेत. देवनागरीसाठी ठरवलेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात दिलेली आहे, तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. संगणकावर ती उत्तम चालते. परंतु तिच्यात च, ट, ड आणि य ही अक्षरे संगणकाच्या कीबोर्डवरील अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस आणि तिरकी रेघ यांच्या कळांवर आहेत, आणि एवढ्या छोट्या कीबोर्डवर त्या चिन्हांना स्वतंत्र कळाच नाहीत.

उरतो रोमनमध्ये टाइप करून देवनागरी मिळवण्याचा मार्ग. तेथे ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ यांची निवड सुचवलेल्या शब्दांतून करावी लागते. रंकाळा, पन्हाळा, गूळ असे शब्द रोजच्या वापरात असलेल्या माणसाला प्रत्येक वेळी पडद्याकडे पाहून योग्य पर्याय दाबावा लागला, तर न पाहता टाइप करण्याचा जो मुख्य लाभ तोच निघून जातो. पडद्यावरचा मराठी कीबोर्ड उघडला, तर तो साडेचार इंचांतला मोठा भाग व्यापतो आणि खालच्या खऱ्या कळा नुसत्या पडून राहतात. म्हणून घेण्यापूर्वी तुमच्या पाठवलेल्या संदेशांत मराठी किती आणि इंग्रजी किती, हे आधी पाहा.

बॅटरी ३५०० मिलिअँपिअर-अवरची आहे आणि नवी असताना ती दिवसभर पुरेशी होती. जुन्या नगात मात्र ती उतरलेली असणार, आणि मागचे झाकण सहज उघडत नाही. फोनला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे अधिकृत मानांकन नाही. फाउंड्रीची काळी वाळू कळांच्या फटींत जाते, आणि कोल्हापूरचा जुलैमधला पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

यापुढचा मुद्दा मी अधिक गंभीर मानतो. हा फोन अँड्रॉइड ८.१ वरच थांबला. ब्लॅकबेरीच्या नावाने फोन बनवण्याचा टीसीएल कंपनीचा परवाना ३१ ऑगस्ट २०२० रोजी संपला, त्यामुळे नव्या आवृत्तीची वाट पाहण्यात अर्थ नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या फोनवर बँकेचे किंवा यूपीआयचे अॅप ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तो ४जी फोन आहे, ५जी त्यावर चालणार नाही.

तेव्हा मुख्य फोन म्हणून मी याची शिफारस करत नाही. पैशाचे सर्व व्यवहार दुसऱ्या फोनवर असतील, इंग्रजी मेलचा ओघ मोठा असेल आणि दर परवडत असेल, तरच दुसरा फोन म्हणून विचार करावा. युनिहर्ट्झ कंपनीचा टायटन स्लिम हा खऱ्या कळांचाच फोन पर्याय म्हणून काहींच्या मनात येईल. त्याच्या नावात स्लिम असले तरी तो की-टूपेक्षा जाड आहे आणि तोही अँड्रॉइड ११ या जुन्याच आवृत्तीवरचा आहे.

दुकानात जुना नग हाती आला तर आधी नोट्स उघडून प्रत्येक कळ दाबा, विशेषतः कडेच्या कळा. स्पेसबारवर बोटाचा ठसा नोंदवून पाहा, कळांवरून बोट फिरवून मजकूर सरकतो का तपासा. चार्जर लावून टक्केवारी चढते का पाहा. शेवटी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळवा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो तपासून मगच पैसे द्या.