पडदा उघडण्याआधी

सारंगखेडा, तापीकाठ. दत्तजयंतीची यात्रा. दिवसभर घोड्यांचा बाजार, रात्री तमाशाचा तंबू. गणाला, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेला, अजून वेळ आहे. तंबूमागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून हलगी शेकणं चाललंय.

मार्गशीर्षातलं दव कातड्याला सोसत नाही. ओल धरली की कातडं सैल पडतं आणि कडकडणारी हलगी भदभद वाजते. म्हणून ती जाळापासून लांब धरून गोल फिरवत राहायची. एकाच जागी धरली, की कातडं करपून कड्याजवळ चिरतं. पऱ्हाटीचा जाळ भरकन उठतो नि तसाच बसतो. नजर हलली की गेलंच. ढोलकीला मात्र हा शेक चालत नाही, तिच्या शाईच्या काळ्या लेपाला तडे जातात. ती दोरी-कड्या ओढून सुरात आणायची. हल्ली नटबोल्ट आवळले तरी भागतं.

एवढा खटाटोप, कारण भज्यांच्या गाड्यावर रेंगाळलेला माणूस तंबूत ओढायचा तो याच आवाजाने.

फ्रान्सच्या रंगभूमीवर खेळ सुरू होतोय हे सांगायचं काम परंपरेने एका दांडक्याचं. पडद्यामागे लाकडी जमिनीवर आधी भराभर ठोके, मग सावकाश तीन. त्या दांडक्याला 'ब्रिगादिए' म्हणतात.

काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारात दोन वेगळे आवाज आहेत, आणि त्यांची गल्लत बरेचजण करतात. पडदा सरकताना हातातले दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजतात, ते 'ह्योशिगी'. 'त्सुके' निराळं: प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, रंगमंचाच्या कडेला गुडघ्यांवर बसलेला वादक जमिनीवरच्या फळीवर ठोकळे आपटतो. नट डोळे वटारून थिजतो, त्या पवित्र्याला 'मिए' म्हणतात. ठोका त्याच क्षणी पडायला हवा. जरा मागे राहिला, तरी पवित्र्यातली हवा गेली.

कोमेदिया देल्लार्ते या इटलीच्या जुन्या, मुखवट्यांच्या विनोदी नाटकातला आर्लेकिनो हा विनोदी नोकर तर आवाज कमरेलाच खोचून फिरतो. मुठीपाशी जोडलेल्या दोन पातळ फळ्या, मध्ये फट. मार हलकाच बसतो, फळ्या मात्र एकमेकींवर फाडकन आपटतात. फट बुजली, तर उरते नुसती काठी, आणि मार खरा लागतो. आपला सोंगाड्या असं हत्यार बाळगत नाही. बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, त्याच्या शब्दाला ढोलकीची थाप पुरते.

इकडे हलगी तापली. उजव्या हातात जाड, आखूड टिपरू, डाव्यात बारीक काडी. ढोलकीशी सवाल-जवाब, मग गण, गौळण, बतावणी. वग, म्हणजे मुख्य नाट्य, लागेपर्यंत दव पुन्हा कातड्यात उतरलेलं असतं, आणि हलगीवाला पुन्हा जाळाकडे सरकतो.