इंजिनाचा खरा आहार हवा
(मुंबईत वाहनप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझ्याकडे गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारतो: कोणते पेट्रोल टाकले की गाडी अधिक पळेल? या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलपासून नव्हे, तर हवेपासून सुरू होते. इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे बसवले की इंधन हवे तेवढे सोडता येते. पण एका फेऱ्यात सिलिंडरमध्ये किती हवा शिरणार, हे सिलिंडरचे आकारमान, व्हॉल्व्ह आणि हवा दाबून आत भरणारा टर्बो ठरवतात. त्यातही पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईची हवा ३२ अंशांवर दमट असते, तेव्हा तिच्यातले शंभरातील साडेतीन-चार भाग नुसती वाफ असते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. म्हणून एखाद्या इंधनाची परीक्षा करायची, तर एक किलो हवा त्या इंधनाबरोबर जाळल्यावर किती उष्णता निघते, हे पाहावे लागते.

आता आकडे पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि त्यातून ४३ ते ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. इथेनॉलच्या एका किलोतून फक्त २७ मेगाज्यूलच्या आसपास मिळतात, परंतु त्याला हवाही केवळ ९ किलो पुरते. भागाकार करून पाहिला, तर दोन्हीकडे किलोभर हवेमागे जवळपास ३ मेगाज्यूल हेच उत्तर येते. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा तपासला होता. इथेनॉल दुबळे नाही; ते खादाड आहे. लिटरच्या मापाने पेट्रोलमध्ये सुमारे ३२ आणि इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूल असल्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ७ टक्के ऊर्जा कमी भरते, आणि त्या प्रमाणात मायलेज घटल्याची लोकांची तक्रार खरी आहे. पण मायलेज आणि ताकद हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गेल्या काही वर्षांतील इथेनॉलविषयीच्या वादात ते सतत एकमेकांत मिसळले गेले.

शर्यतीच्या गाड्यांना इथेनॉलसारखे अल्कोहोल आवडते, त्याची कारणे दोन. द्रवाची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते. किलोमागे इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता शोषते, शिवाय तेवढ्याच हवेसाठी ते वजनाने दीडपटीहून अधिक सोडावे लागते. दोन्हींचा गुणाकार केला, तर मिश्रण थंड करण्याची त्याची क्षमता पेट्रोलच्या चौपट भरते. दुसरे कारण ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे इंधनातील जादा शक्ती नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वी आपणहून पेटू नये, ही इंधनाची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टीवर हेप्टेनला शून्य आणि आयसोऑक्टेनला १०० दिलेले आहेत. ही सहनशक्ती असली, तरच टायमिंग पुढे घेता येते, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडता येते, आणि टर्बोचा दाब वाढवता येतो. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबले जाते ते प्रमाण) आणि टायमिंग ९१ ऑक्टेनसाठी बांधलेले आहे, त्यात १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतल्याने खिशाखेरीज काही हलके होत नाही.

याची उलट बाजू मी जवळून पाहिली आहे. एका टर्बो गाडीचे ट्यूनिंग दुसऱ्या एका गॅरेजमध्ये १०० ऑक्टेनवर केले गेले होते आणि नॉक सेन्सरची, म्हणजे इंधन आपणहून पेटल्याचे धक्के ओळखणाऱ्या सेन्सरची, संवेदनशीलता मुद्दाम कमी केली होती. मालकाने रात्री वाटेत साधे पेट्रोल भरले आणि बोरघाट चढताना वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून ठेवला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत होता, असे त्याने मला नंतर सांगितले. गाण्याच्या आवाजात त्याने तो मनावर घेतला नव्हता. मी प्लग काढले. निरोगी प्लगची चिनीमाती फिकट तपकिरी दिसते. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर मात्र मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते आणि त्यांच्यामध्ये भिंगाखाली चंदेरी गोळ्या चमकत होत्या. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम होता. इंजिन उघडले, तेव्हा दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटलेली सापडली.

मिश्रणाचे गणितही असेच निष्ठुर असते. पूर्ण ज्वलनाला लागते तेवढीच हवा असेल, तर लॅम्डा १ म्हणतात. सर्वाधिक ताकद मात्र थोड्या रिच, म्हणजे जादा इंधनाच्या मिश्रणावर, लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या दरम्यान मिळते आणि टर्बो इंजिनाला पिस्टन थंड राहावा म्हणून याहूनही किंचित रिच ठेवतात. आता २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला किलोमागे साधारण १३.५ किलो हवा हे अचूक प्रमाण लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या पद्मिनी गाडीतले जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रे, तीच राहिली, तर मिश्रण आठ-नऊ टक्के लीन होते, म्हणजे इंधन तेवढे कमी पडते. गाडी थंडीत अडखळते, चढावर मिसिंग करते. अलीकडच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पण अनेक गाड्यांत पाय पूर्ण दाबला की संगणक त्या सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. नेमक्या त्या क्षणी, जेव्हा रिच मिश्रणाची सर्वाधिक गरज असते, तेव्हा ते लीन होऊ शकते. त्यामुळे ताकद वाढवलेल्या इंजिनाला केवळ इंधन बदलून भागत नाही. पंप आणि इंजेक्टर पुरतात का, हेही तपासावे लागते.

आपल्या टॅक्सीवाल्यांना सीएनजीवर पिकअप पडल्याचे वर्षानुवर्षे जाणवते, त्याचे उत्तरही हवेतच आहे. सीएनजीतल्या मिथेनचे ऑक्टेन उत्तम आहे, परंतु तो वायुरूपातच आत शिरतो आणि साडेनऊ भाग हवेमागे एक भाग जागा स्वतः व्यापतो. तेवढी हवा बाहेर राहते.

बोरघाटातल्या त्या गाडीत आम्ही नवा पिस्टन बसवला, नॉक सेन्सर मूळ संवेदनशीलतेवर आणला आणि इंधनातील इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर पेट्रोलच्या नळीत जोडला. आता तिचा मूळ तक्ता साध्या पेट्रोलसाठीच आहे. टर्बोचा वाढीव दाब नॉक सेन्सर शांत असेपर्यंतच मिळतो. त्यात काही अश्वशक्ती गेली. मालकाने ती मागितलेली नाही.