पिंप रिकामे कधीच नसते

मित्रहो, जुन्या पोलादी पिंपापासून घरच्या घरी धुरीची भट्टी, म्हणजे आपण ज्याला बार्बेक्यूचा स्मोकर म्हणतो तो, सुरक्षितपणे कसा तयार करावा, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे. पुढच्या रांगांत वह्या उघडलेल्या दिसत आहेत, म्हणजे भोके किती, कोणत्या मापाची आणि जाळी किती उंचीवर, हे टिपून घेण्याच्या तयारीने तुम्ही आला आहात. ती मापे मी देणार आहे. परंतु त्याआधी मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे, कारण मापे चुकली तर फार तर मांस करपते, आणि हा शब्द चुकला तर माणूस जातो. तो शब्द म्हणजे 'रिकामे'.

मी माझे पहिले पिंप विकत घेतले तेव्हा विक्रेत्याने सांगितले की त्यात फळांचा पाक होता, ते तीनदा धुतलेले आहे आणि आता पूर्ण रिकामे आहे. बाहेरून निळा रंग दिलेला होता आणि तो इतका ताजा होता की बोटाला किंचित चिकटत होता. मला ते नवेपण आवडले. खरे तर पहिली शंका तिथेच यायला हवी होती, कारण पिंपाच्या अंगावर मालाचे नाव असते, धोक्याची चिन्हे असतात, आणि वापरलेल्या पिंपाला कोणी ताजा रंग देतो तेव्हा तो हे सारे झाकत असतो. मी झाकण काढून आत विजेरी मारली, तेव्हा भिंती मातकट तपकिरी दिसल्या. गंज नव्हता, ओल नव्हती, वासही जाणवण्याजोगा नव्हता. मी तळाशी लाकडे रचली आणि पेटवली.

साधारण वीस मिनिटांनी तळापासून वितभर उंचीवर भिंतीला फोड येऊ लागले. आधी वाटाण्याएवढे, मग रुपयाएवढे. ते फुटले, त्यांच्या कडा सापाच्या कातीसारख्या सुटून वळल्या आणि आगीत गळून पडल्या. त्यासरशी जो वास आला तो लाकडाचा नव्हता. घशाला चिरत जाणारा, नेलपॉलिशच्या जातीचा वास होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या दिवशी जाळीवर काहीही ठेवलेले नव्हते, एवढेच सुदैव. दुसऱ्या दिवशी मी बाहेरचा निळा रंग पत्रीने खरवडून काढला. त्याखाली पिवळा रंग निघाला, आणि पिवळ्याखाली कागदी लेबलाचा अर्धा तुकडा, ज्यावर ज्वालेचे चिन्ह स्पष्ट होते. तो तुकडा घेऊन मी विक्रेत्याकडे परत गेलो. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि मनापासून म्हणाला, "असेल काहीतरी आधी, पण आता रिकामे आहे ना!" तो खोटे बोलत नव्हता, त्याला तसेच वाटत होते. माझी तक्रार त्या एका माणसाविषयी नाही, या वाटण्याविषयी आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी ती जिथे बोलावतील तिथे मांडत आलो आहे.

रिकाम्या पिंपात किती माल उरला तर ते घातक ठरते, याचा हिशेब आपण इथेच करू. नेहमीच्या पिंपात सुमारे २०८ लिटर जागा असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांवर गेले की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. २०८ लिटरचे १.४ टक्के म्हणजे जेमतेम ३ लिटर वाफ, आणि तेवढी वाफ होण्यासाठी द्रव पेट्रोल लागते सुमारे १५ मिलिलिटर. म्हणजे एक मोठा चमचा. पिंप उलटे करून निथळले तरी एवढा माल आत सहज राहतो. काठोकाठ भरलेल्या पिंपात हवेला जागाच नसते. रिकाम्यात इंधन आणि हवा दोन्ही असतात, उणीव असते ती फक्त ठिणगीची, आणि ती आपण ग्राइंडर नाही तर गॅस कटर घेऊन पुरवतो. "यात पेट्रोल नव्हते, जड तेल होते" हे उत्तरही मला मान्य नाही. जड तेलाची थंडपणी फारशी वाफ होत नाही हे खरे, पण कटरची ज्योत बाहेरून लागते तिथला पत्रा शेकडो अंश तापतो, आतल्या बाजूचा चिकट थर वाफ होऊन पिंपभर पसरतो आणि पत्रा भेदून आत शिरलेली तीच ज्योत त्या वाफेला काडी लावते. मग झाकण, तळ किंवा अख्खे पिंप कापणाऱ्याच्या दिशेने येते.

आता हात वर करा पाहू, बुचाच्या भोकाला नाक लावून पिंप तपासणारे किती आहेत? बरेच आहेत. कृपा करून हे आजपासून थांबवा. अनेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसून राहते आणि वर वास येत नाही. कीटकनाशकाचा अंश तर वास न येताही पत्र्यावर असू शकतो. आत पाहण्यासाठी बॅटरीचा दिवा वापरावा, काडी किंवा लायटर कदापि नाही.

या पिंपाची थोरवी मी नाकारत नाही. १९०५ मध्ये हेन्री वेरहान यांना अमेरिकेत पोलादी पिंपाचे पेटंट मिळाले. ते ज्या आयर्न क्लॅड कंपनीत काम करत होते ती नेली ब्लाय चालवत होत्या, ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या त्याच पत्रकार. अंगावरच्या उभारलेल्या कड्यांमुळे भरलेले पिंप एकटा माणूस लोळवत नेऊ शकतो, आणि तळाचा पत्रा भिंतीच्या पत्र्याशी दुमडून इतका घट्ट बसवलेला असतो की थेंब गळत नाही. पण थेंब बाहेर जाऊ न देणारी ती दुमड आत शिरलेला थेंबही सोडत नाही. धुण्याचे पाणी तिच्यात पोहोचत नाही, उष्णता मात्र पोहोचते. म्हणून 'तीनदा धुतले आहे' हे वाक्य माझ्या लेखी पुरावा नाही.

मग खाद्यपदार्थाचे पिंप घ्यावे, असे सगळेच सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. फळांचा गर किंवा मध यांसारखे आम्लयुक्त पदार्थ उघड्या पोलादाला खातात, म्हणून नेमक्या अशाच पिंपांना आतून एपॉक्सी-फेनॉलिक रेझिनचा लेप दिलेला असतो, बहुधा लालसर, तपकिरी किंवा मातकट पिवळा. थंड पदार्थासाठी तो निर्धोक आहे, धुरीच्या आचेसाठी नाही. तपासायचे असेल तर आत खिळ्याने एक रेघ ओढावी: लेप असेल तर कडेने रंगीत कपचा निघतो, नसेल तर पत्र्यावर चकचकीत रेघ उमटते. लेप स्वयंपाकाच्या आचेने जात नाही. पत्रा मंद लाल दिसेपर्यंत मोठी, उघडी आग करावी लागते, ती करताना निघणारा धूर विषारी असतो, आणि त्यानंतरही तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने उघडा पत्रा दिसेपर्यंत साफसफाई उरतेच. ही आग वस्तीत करू नये, आणि जिथे कायद्याने मनाई आहे तिथे तर नाहीच. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याला पिंपाचा पूर्वेतिहास कागदावर मिळत नाही त्याने नवे, लेप नसलेले, कडीने आवळायच्या झाकणाचे पिंप घ्यावे. पिंपावर '१ए२' (1A2) असा ठसा असेल तर झाकण निघणारे आहे, '१ए१' (1A1) असेल तर वरचा भाग पक्का आहे आणि तो कापावा लागेल. हा ठसा पिंप कोणत्या प्रकारचे आहे ते सांगतो, त्यात काय भरले होते ते सांगत नाही. ज्वलनशील द्रव, द्रावक किंवा कीटकनाशक ज्यात होते ते पिंप घरी कोणीही, कितीही धुऊन, कापू नये.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि माझ्याकडे दहा मिनिटे आहेत, तेव्हा आता वह्यांकडे वळू.

झाकण निघणाऱ्या पिंपाला कटरची गरजच पडत नाही, ड्रिल पुरते. भोके पाडल्यावर कडा कानशीने घासाव्यात आणि चष्मा, हातमोजे न विसरता घालावेत. तळापासून ५ सेंटिमीटरवर १९ मिलिमीटरची चार भोके समान अंतरावर पाडावीत. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस सेंटिमीटर होते. झाकणातील वाट याहून कमी असू नये: १३ मिलिमीटरची नऊ भोके पुरतात, आणि झाकणाला ५० मिलिमीटरचे बूच असेल तर ते काढले की काम झाले. हवा नेहमी खालून आवरावी आणि वरची वाट उघडी ठेवावी, कारण वर कोंडलेला दाट पांढरा धूर पदार्थावर डांबरासारखा कडू थर चढवतो. विरळ, निळसर धूर दिसला की जळण योग्य चालले आहे असे समजावे.

कोळशाची टोपली तळापासून ६ सेंटिमीटर उचललेली असावी, म्हणजे राख खाली पडते आणि हवा अडत नाही. पदार्थाची जाळी टोपलीच्या तळापासून ६० सेंटिमीटर वर, आणि तापमापी झाकणावर न लावता जाळीच्या पातळीवर. तिथे ११० ते १३५ अंश सेल्सियस हवे. बोल्ट आणि जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेले सामान नको: जस्त ४२० अंशांना वितळते, आणि निखाऱ्याजवळचा भाग तिथे पोहोचतो. जुन्या फ्रिजच्या जाळ्याही नकोत, कारण काहींवर कॅडमियम या विषारी धातूचा मुलामा असतो. उष्णतारोधक रंग फक्त बाहेरून द्यावा. आतून खाण्याच्या तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीन तास रिकामी भट्टी पेटवावी. लाकूड वाळलेले, कठीण आणि रंग, पॉलिश किंवा वाळवीचे औषध न लागलेले असावे.

भट्टी मोकळ्या जागेत, भिंत व छपरापासून किमान ३ मीटर दूर, सपाट व न जळणाऱ्या जमिनीवर उभी करावी. झाकण काढताना बाजूला उभे राहून ते आधी थोडेसे तिरके उचलावे, कारण एकदम हवा मिळाली की आतली आग वर उसळते. चरबी पेटली तर पाणी ओतू नये. झाकण लावून सगळी भोके बंद करावीत. जेवणानंतरही आग अशीच विझवायची आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. विझल्यासारखे दिसणारे निखारेही तो सोडत राहतात. म्हणून पाऊस आला तरी धुगधुगती भट्टी गॅरेजमध्ये ओढू नये. तिला रात्रभर बाहेरच राहू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी राख झाकण असलेल्या धातूच्या डब्यात भरून तो डबाही आणखी एक दिवस बाहेरच ठेवावा.