हा प्राणी पडद्यावर करणार काय?

ॲनिमेशन शिकणाऱ्या मित्रहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर ड्रॅगन असतो. चार पाय, पाठीवर दोन पंख, शिंगं, खवले. चित्र देखणं असतं. मी एवढंच विचारतो, हा उडतो कसा? पक्षी किंवा वटवाघूळ पाहा. त्यांचे पंख म्हणजे त्यांचे पुढचे पायच, आणि ते हलवायला छातीत दणकट स्नायू लागतात. चार पाय शाबूत ठेवून वर पंख दिले, की एकाच धडात खांद्यांच्या दोन जोड्या बसवाव्या लागतात. बसवता येतात, पण कुठे आणि कशा, हे ठरवलेलं नसेल तर पहिल्याच उड्डाणात चित्र उघडं पडतं.

म्हणून प्राणी निवडताना दिसण्याआधी त्याचं काम ठरवा. गोष्टीत तो नेमकं काय करणार आहे?

ओडिशाच्या पटचित्रांत, म्हणजे कापडावरच्या पारंपरिक चित्रांत, नवगुंजर दिसतो. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया महाभारत लिहिलं, त्यातला हा प्राणी. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक घोड्याचा, काही चित्रांत हरणाचा. आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. अर्जुन त्याला मारायला धनुष्य उचलतो, तेवढ्यात तो हात त्याला दिसतो. हा कृष्ण आहे हे तो ओळखतो आणि धनुष्य खाली ठेवतो. माझ्या मते आपल्या परंपरेतलं हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं डिझाइन आहे. आठ अवयव गोंधळात टाकतात, नववा ओळख पटवतो.

आता याला चालवून पाहा. हत्ती कितीही वेगात गेला तरी त्याचा निदान एक पाय जमिनीला टेकलेला असतो. घोडा भरधाव सुटला की चारही पाय क्षणभर हवेत असतात. वाघ बोटांवर चालतो, घोडा खुरांवर. या तीन चाली एका वॉक सायकलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायच्या चालीच्या एका आवर्तनात, कशा बसवणार? शिवाय तीनच पायांवर तोल सांभाळायचा. माझं उत्तर असं, की त्याला चालवूच नका. त्याला उभा ठेवा, अर्जुनाला त्याच्याभोवती फिरवा, आणि हात सर्वांत शेवटी दिसू द्या.

पदवीच्या शॉर्ट फिल्मसाठी मात्र मी कीर्तिमुख सुचवेन. आपल्याकडच्या जुन्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कोरलेलं हे अक्राळविक्राळ तोंड तुम्ही पाहिलं असेल. पुराणातली कथा थोडक्यात अशी: जालंधर या असुराचा निरोप घेऊन राहू शंकराकडे आला आणि त्याने पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधातून एक भयंकर भुकेला जीव निघाला आणि राहूच्या मागे लागला. राहू शरण आला, तेव्हा शंकराने त्याला सोडवलं. पण त्या जीवाची भूक तशीच राहिली. मग स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्याने शेपटीपासून सुरुवात केली आणि फक्त मुख उरलं. शंकर प्रसन्न झाला आणि त्याला आपल्या दारावर मान दिला.

बघा, किती गोष्टी आयत्या मिळाल्या. भूक हीच त्याची इच्छा आणि तेच त्याचं संकट. गोष्ट पुढे जाते तसं शरीर कमी होत जातं, म्हणजे प्रत्येक सीनला रिग, पात्र हलवायचा आतला सांगाडा, लहान होत जातो. अंगावरचे केस संगणकावर हलवायचं काम, म्हणजे फरचं सिम्युलेशन नको, चालही थोडाच वेळ लागते. सगळी मेहनत चेहऱ्यावर घालता येते, आणि मोजक्या महिन्यांत दोन-तीन जणांना तेवढीच झेपते.

कुणी हे करायला घेतलंत तर डोळ्यांच्या आधी जबड्याचा सांधा काढा. स्वतःची छाती गिळायची तर तोंड किती उघडलं पाहिजे आणि मान कितपत वळली पाहिजे, ते कच्च्या रेषांत करून बघा. आयाळ, सुळे, कपाळावरची नक्षी त्यानंतर ठरवता येईल.