प्लॅनमधले रंग आणि तिकिटाचे दर

मंडळी, नाटकाची तिकिटं सॉफ्टवेअरवर लावायची म्हटली की बहुतेक संस्था काय करतात, पहिल्या आठ रांगा ५००, पुढच्या आठ ३००, बाल्कनी २००, सेव्ह केलं आणि विक्री सुरू. खिडकीवर कागदी प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, असायचा तेव्हा हे चालून जायचं, कारण पलीकडे बुकिंगवाला बसलेला असायचा आणि तो सांगायचा की काका ही कोपऱ्यातली नका घेऊ, दोन रांगा मागे पण मधली देतो. ऑनलाइनला असं सांगणारं कोणी नाही. प्रेक्षकाला स्क्रीनवरच्या प्लॅनमध्ये फक्त खुर्चीचा रंग आणि दर दिसतो, म्हणून तो रंग खरं बोलला पाहिजे, याबद्दल मी फार आग्रही आहे.

त्यामुळे पहिलं काम कॉम्प्युटरवर नाहीच. हॉल रिकामा असताना जाऊन टोकाच्या खुर्चीत बसा, कुणाला तरी विंगेजवळ उभं करा आणि दिसतोय का बघा. कितीतरी थिएटरांत बाल्कनीची पहिली रांग खालच्या शेवटच्या रांगांपेक्षा सरस असते, पण तिचा दर कमी, का तर ती बाल्कनी म्हणून! संगीत नाटक असेल तर ऑर्गन-तबला स्टेजच्या खाली दोन बाजूंना बसतात, म्हणजे पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्यांची किंमत त्या नाटकापुरती बदलते. म्हणून थिएटरचा मूळ नकाशा एकच ठेवा, प्रत्येक नाटकाला त्याची कॉपी काढा आणि झोन, म्हणजे एका दराच्या खुर्च्यांचे गट, त्या कॉपीवर रंगवा.

झोनचं नाव "५००वाला" असं ठेवू नका हं. ए, बी, सी काहीही द्या पण दर वेगळ्या तक्त्यात ठेवा, कारण रविवारचा दर वेगळा असेल, मंगळवारचा वेगळा, विद्यार्थ्यांचा आणखी वेगळा, आणि नावातच आकडा असला की पहिल्या दरवाढीला सगळा गोंधळ. प्रवेशिकांसाठी, म्हणजे फुकट पासांसाठीसुद्धा शून्य रुपयांचा स्वतंत्र प्रकार करा. नाहीतर फुकट दिलेल्या सीट विक्रीत मिसळतात आणि हिशोबाला बसल्यावर कुणालाच काही कळत नाही.

आता जीएसटी, इथे जरा थांबूया. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत कर माफ आहे, वर गेलं की १८ टक्के, आणि तो वरच्या दहा-वीस रुपयांवर नाही, पूर्ण रकमेवर. म्हणजे ए झोन ५०० वरून ५१० केला तर कर होतो ९१ रुपये ८० पैसे, प्रेक्षकाच्या खिशातून जातात ६०१ रुपये ८० पैसे आणि निर्मात्याच्या हातात जास्तीचे येतात फक्त दहा. एवढ्यासाठी प्रेक्षकाला शंभर रुपयांनी लांब ढकलायचं का? एक तर ५०० वर थांबा, नाहीतर वर जायचंच असेल तर नीट विचार करून बरंच वर जा. आणि सॉफ्टवेअरमध्ये कर प्रयोगाला नका जोडू, दराला जोडा, म्हणजे ३००च्या तिकिटावर चुकून कर लागणार नाही. पोर्टलच्या सर्व्हिस चार्जवरचा जीएसटी वेगळा, तो स्वस्त तिकिटालाही लागतो, त्यामुळे सगळं धरून किती होतात ते सीट निवडतानाच दिसू द्या.

व्हीलचेअरच्या जागांबद्दल मी अगदी ठाम आहे. त्या जागा बहुधा दाराजवळ किंवा कडेला असतात, त्या माणसाला निवडच नसते, मग ती जागा ए झोनमध्ये पडते म्हणून त्याच्याकडून ए चा दर घेणं बरोबर नाही. सगळ्यात कमी दर लावा, सोबत येणाऱ्यालाही तोच, आणि त्या दोन सीट एकमेकींना बांधून ठेवा, म्हणजे सोबतची सीट दुसऱ्या कुणाला विकली जाणार नाही.

विक्री चालू असताना दर बदलला तर विकलेल्या तिकिटावर जुनीच रक्कम राहते ना, हे तपासा. ३०० ला घेतलेलं तिकीट रद्द केल्यावर ३५० परत जायला नकोत, किंवा उलटही. म्हणून लोकांसाठी बुकिंग उघडायच्या आदल्या दिवशी प्रत्येक झोनचं एकेक तिकीट स्वतः पैसे भरून काढा, एक मोबाइलवरून, एक खिडकीवरून, मग मधला एक दर बदला, जुनं तिकीट रद्द करा आणि रात्रीचा रिपोर्ट उघडून रुपये-पैसे जुळतात का बघा.