गोणीतून शेडात, शेडातून बागेत

(पहाट, शेडचे पडदे वर होताना)

पहाटेचे साडेपाच वाजलेत. नाशिक जिल्ह्यातलं हे ब्रॉयलरचं शेड, आत 5 हजार पक्षी. ताडपत्री वर गेली की आधी आवाज येतो, मग वास, आणि खाली बघाल तर तूस दिसतच नाही एवढी दाटी.

ही पिल्लं आली तेव्हा 40 ग्रॅमची होती. पहिला आठवडा ब्रूडरखाली, रात्री दोनदा उठून बघायचं, पिल्लं शेगडीजवळ गोळा झाली म्हणजे थंडी वाजतेय, लांब पळाली म्हणजे तापलंय, थर्मामीटर भिंतीला आहे पण शेडवाले भाऊ त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. आज 38वा दिवस, वजन दोन किलोच्या पुढं. पिल्लं कंपनीची, फीड कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाईट, पाणी आणि राबणं भाऊंचं, त्याचे किलोमागं ठरलेले पैसे. मर जास्त झाली किंवा एफसीआर चढला, म्हणजे किलोभर वजनाला फीड जास्त गेलं, की त्यातूनही कापणार.

(फीडची गोणी, जवळून)

आता ही गोणी बघा. भाऊ म्हणतात, "आत काय असतं ते आम्हाला काय माहीत, सुपरवायझर सांगतो तेवढं टाकायचं." आणि अँटिबायोटिकवर बोलणं निघालं की बोट पहिलं यांच्याकडंच जातं!

अशाच फीडमधून कोंबड्यांना वर्षानुवर्षं एक अँटिबायोटिक जात होतं, कोलिस्टिन. आजारासाठी नाही, वजनासाठी. थोडा थोडा डोस, रोज, सगळ्या पक्ष्यांना. माणसांसाठी हे औषध जुनंच, किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी जवळपास बाजूला टाकलेलं, पण बाकीची औषधं चालेनात तेव्हा आयसीयूत तेच परत काढावं लागलं. म्हणजे बंदुकीतली शेवटची गोळी होती ती, आणि आपण ती कोंबडीच्या चाऱ्यात मिसळत होतो.

(लॅब, प्लेटवर चकत्या ठेवताना)

लॅबमधल्या प्लेटवर या पांढऱ्या चकत्या आहेत ना, प्रत्येकीत एकेक अँटिबायोटिक. चकतीभोवती स्वच्छ गोल पडला तर औषध चालतंय, चकतीला चिकटून बॅक्टेरिया वाढले तर नाही. कोलिस्टिनला मात्र ही चकती भरवशाची नाही, त्याचा रेणू मोठा, आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरत नाही, त्यामुळं त्याची टेस्ट वेगळी, या बारीक खड्ड्यांच्या ट्रेमध्ये करतात.

कोलिस्टिनवर धन भार, बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार, म्हणून ते चिकटतं आणि पडदा फाडतं. एमसीआर-1 नावाचा जीन काय करतो, तर पडद्यावर एक जास्तीचा तुकडा जोडून तो ऋण भारच कमी करतो. खरी गोम पुढं आहे. हा जीन प्लाझमिडवर बसलेला असतो, म्हणजे डीएनएच्या सुट्ट्या कड्यावर, आणि हे कडं एक बॅक्टेरिया शेजारच्याला देऊन टाकतो. पोराबाळांची वाट बघायची गरज नाही, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं.

चीनमध्ये शांघायच्या एका डुकरातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियात हा जीन पहिल्यांदा सापडला, नोव्हेंबर 2015 मध्ये ते छापून आलं. 804 जनावरांच्या नमुन्यांपैकी 166 मध्ये, कच्च्या मांसाच्या 523 पैकी 78 मध्ये, आणि दवाखान्यातल्या 1,322 पेशंटपैकी 16 जणांत. मग जगभरच्या लॅबनी आपापले फ्रीज उघडले, जुने नमुने तपासले, तर चीनमधल्याच 1980 च्या दशकातल्या कोंबड्यांतसुद्धा तो निघाला. गडी आधीपासूनच आत होता, रोजच्या डोसनं त्याचं फावलं.

चीननं 2017 मध्ये वाढीसाठीचं कोलिस्टिन बंद केलं, आणि डुकरांमधले कोलिस्टिनला न जुमानणारे ई. कोलाय पुढच्या दोनेक वर्षांत झपाट्यानं कमी झाले. आपल्याकडं जुलै 2019 मध्ये बंदी आली. तालुक्याच्या दुकानातल्या या रॅकवर बाकीच्या अँटिबायोटिकच्या पावडरी आहेतच की, पाण्यात टाकायच्या. एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांचे जीन असू शकतात, त्यामुळं एक औषध चालू ठेवलं तरी सगळं कडं टिकून राहतं.

असे बॅक्टेरिया माणसांत पोचल्यावर काय होतं, तर साधं इन्फेक्शनसुद्धा बरं होईनासं होऊ शकतं, माणूस जाऊ शकतो. आयसीयूत आम्हाला कॅमेरा नेता आला नाही.

(लिफ्टिंग, रात्र)

आज माल निघाला. पाय धरून एका हातात चार-पाच पक्षी, काटा, क्रेट, गाडी. दोन तासांत शेड रिकामं, उरलं फक्त लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा. सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल, कारण ते खत आहे आणि खताला भाव आहे. काही दिवस झाकून नीट कुजवलं, आत गरमी धरली तर बरेच बॅक्टेरिया मरतात. पण बागवाल्याचा ट्रॅक्टर सकाळीच दारात उभा असतो.

हा बघा, फावड्यानं भरतायत, हातात मोजे नाहीत, तोंडावर उपरणं तेवढं. इथून दोन किलोमीटरवर द्राक्षाची बाग आहे, तिथं हे ओळीओळीनं पडेल.

शेडात चुना मारून झाला. पुढची पिल्लं पंधरा दिवसांनी येणार, आणि त्यांच्या आधी गोण्या.