सातवं पाऊल पडेपर्यंत: अद्भुतकथेतलं राजघराण्याचं लग्न आणि दरबारी कारस्थान

मंडळी, एका प्रसंगापासून सुरुवात करू. राजकन्येचं लग्न लागतंय, मंगलाष्टकं शेवटाला आली आहेत, आणि मंडपाच्या दारातून आवाज येतो, "थांबा! हे लग्न होऊ शकत नाही!" ऐतिहासिक अद्भुत प्रेमकथा लिहिणाऱ्या दहांतल्या पाच जणांना हा प्रसंग मोहात पाडतो. पण आपल्या लग्नात कोणाची हरकत आहे का असं जमलेल्यांना विचारलंच जात नाही. ती चर्चमधली रीत. आपल्याकडे हरकतीची वेळ कधीच टळून गेलेली असते. वाजंत्री, ताशे आणि पाचशे माणसांची अक्षता टाकायची घाई, या गलक्यात त्या आरोळीवाल्याचा आवाज चौथ्या रांगेपलीकडे पोचायचा नाही.

मग आपल्या मुलखातलं राजघराण्याचं लग्न मोडायचं कुठून? लग्नाच्या आतूनच. विधी, याद्या, कोठ्या, मानपान यांच्या सांध्यांतून. ज्याला लग्न कसं लागतं हे नीट ठाऊक आहे, त्याचाच कट वाचकाला पटतो.

आधी हेतू पाहू. खलपुरुष वाईट आहे म्हणून लग्न मोडतो, असं लिहिलंत की कथा तिथेच पातळ होते. राजघराण्यातल्या लग्नाने चार गोष्टी हलतात: पट्टराणी कोण, वारस कोण, कोणत्या सरदार घराण्याशी सोयरीक, आणि नव्या सुनेच्या चोळीबांगडीला कोणती गावं लावून दिली. शेवटची गोष्ट लेखक विसरतात. त्या गावांचा वसूल कालपर्यंत कोणाच्या तरी हाताखालून जात होता. तो माणूस तुमच्या कटात असणारच.

आपल्याच इतिहासातला वसंत ऋतू घ्या. १५ मार्च १६८० रोजी रायगडावर राजारामांचं लग्न झालं. नवरदेव दहा वर्षांचे, वधू जानकीबाई, नेसरीच्या लढाईत पडलेल्या सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांची मुलगी. थोरले राजपुत्र संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावर. एकोणिसाव्या दिवशी, ३ एप्रिलला, शिवाजी महाराज गेले. २१ एप्रिलला अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत या कारभाऱ्यांनी राजारामांचं मंचकारोहण करवलं. सोयराबाईंचा मुलगा गादीवर, संभाजीराजांना पकडायला कारभारी पन्हाळ्याकडे निघालेले, सगळं जुळलं होतं. फसलं कुठे? सरसेनापती हंबीरराव मोहिते म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. त्यांनी भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची घेतली आणि कारभाऱ्यांनाच धरलं. जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या हाती आला. कादंबरीकाराने यातून एवढं उचलावं की कटवाल्यांनी शिक्का, दफ्तर आणि गादी गाठली. फौज गाठली नाही, कारण मामा आपलाच आहे असं धरून चालले. तुमच्या कथेतही कट फुटावा तो असल्या गृहीत धरलेल्या नात्यापाशी. दाराआडून कोणी ऐकलं म्हणून फुटला, ही पळवाट झाली.

आता पंचांगाकडे. लग्न लांबवणं हे लग्न मोडण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. गुरू किंवा शुक्र अस्तंगत असेल तर नाहीत. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो, तेव्हा गोदाकाठच्या मुलखात ते जवळजवळ वर्ष लग्नाला वर्ज्य मानतात. म्हणजे ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त कटवाल्यांनी हुकवला की पाच महिने मिळाले. पाच महिन्यांत सोयरीक दुसरीकडे वळते, किल्लेदार बदलतो, नवरामुलगा मोहिमेवर जातो. खलिता उशिरा पोचवणं, नदीवरच्या नावा पलीकडच्या काठाला लावून ठेवणं, एवढ्यानेही काम भागतं. वऱ्हाड मेणे-पालख्या, बैलांवरचं सामान, हत्ती असं निघालं की दिवसाला चार-पाच कोसांच्या पुढे जात नाही. कोस म्हणजे ढोबळ तीन किलोमीटर. सांडणीस्वार त्यांना केव्हाच मागे टाकतो. त्यामुळे वऱ्हाडाला न कळता बातमी पुढे जाऊ शकते, उलट होणं अवघड. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका.

सुतकाचा उपयोग सगळेच लेखक करतात आणि बहुतेक चुकतात. हळदीच्या संध्याकाळी दूरचा चुलता गेल्याची बातमी येते, आणि लग्न थांबतं. शास्त्री हसतील. देवक बसलं, नांदीश्राद्ध, म्हणजे मंगलकार्याआधीचं पितरांचं पूजन, झालं, की त्या कार्यापुरतं भाऊबंदांचं सुतक आड येत नाही. नांदीश्राद्ध लग्नाआधी दहा दिवसांपर्यंत करता येतं, मुंजीला सहा दिवस. म्हणजे शहाणा राजोपाध्याय धोका ओळखून देवक आठ दिवस आधीच बसवून टाकेल. ही त्याची ढाल. कटवाल्यांना मृत्यूची बातमी, खरी असो की बनावट, त्याच्या आधी आणावी लागेल. वाङ्निश्चय, म्हणजे लग्न ठरल्याचा विधी, झाल्यावर अगदी जवळचं माणूस गेलं तर त्याला प्रतिकूल म्हणतात. तिथे शांती करावी लागते, थांबावं लागतं, आणि किती थांबायचं यावर दोन शास्त्री दोन मतं देतात. दोघांपैकी एकाला कोणी विकत घेतलंय, हे वाचकाला शंभर पानांनंतर कळू द्या. शिवाय सुतक कानावर आल्यापासून लागू होतं, म्हणून बातमी आणणारा जासूद हे साधं पात्र राहत नाही. त्याला वेशीवर कोणी अडवला, कोणी घोडा बदलून दिला, हे नावानिशी लिहा.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत सुंदर हत्यार. घटिकापात्र. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडलेली. पाणी भरत भरत ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवस. जोशी सूर्यास्ताला वाटी सोडतो आणि मोजत बसतो. मुहूर्त सूर्यास्तानंतर पंधराव्या घटकेला धरा, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराला. कोणी सुईने ते भोक जरासं मोठं केलं, आणि वाटी चोवीसऐवजी बावीस मिनिटांत बुडू लागली, तर पंधराव्या बुडीला तीस मिनिटांची चूक साचलेली असते. ज्योतिषातलं लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. असं एक लग्न सुमारे दोन तास टिकतं, त्याचा नवमांश, म्हणजे नववा भाग, तेरा-साडेतेरा मिनिटांचा. म्हणजे लग्नराशी तीच राहिली तरी नवमांश दोनदा ओलांडला गेला. उलट भोकात मेणाचा कण अडकवला तर मुहूर्त टळून गेल्यावर अक्षता पडतील. एकही थेंब रक्त न सांडता लग्न अशुभ ठरवता येतं, आणि तेही पुढे हवं तेव्हा, साक्षीपुराव्यासकट.

ही कल्पना नवी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा तुम्हाला माहीत असेल. वाटीत वाकून पाहताना तिच्या अंगावरचा मोती आत पडला, भोक बुजलं, मुहूर्त निघून गेला. फैजीने १५८७ साली 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्यात ही गोष्ट येते. भास्कराचार्यांचा ग्रंथ त्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधीचा. खरी-खोटी कशीही असो, गोष्ट म्हणून तिच्यात एक उणीव आहे: मोती आपोआप पडला. तुमच्या कथेत तो कोणीतरी पाडायला हवा.

अडचण एकच. आभाळ मोकळं असेल तर जाणता जोशी नक्षत्रं पाहून वाटीची चोरी पकडतो. म्हणून लग्न वैशाखात ठेवा आणि संध्याकाळी वळीव येऊ द्या. ढग मुहूर्त होईपर्यंत राहायला हवेत.

मुदपाकखान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विषप्रयोग फार झालेत. वधूवर बहुधा मुहूर्तापर्यंत उपाशी असतात, त्यामुळे लग्नाआधीच्या मेजवानीत त्यांना विष घालणारा कटवाला मूर्ख. बचनागाने जिभेला मुंग्या येतात, चाखणाऱ्याला लगेच कळतं. सोमलाचा त्रास उशिरा सुरू होतो, म्हणून चाखून लगेच वाढण्यात अर्थ नसतो. एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे चला. मुदपाकखान्याहून आबदारखाना, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं खातं, आणि जामदारखाना, म्हणजे वस्त्रं-जवाहिराचं खातं, जास्त कामाचे. दरबारच्या अशा अठरा कारखान्यांपैकी प्रत्येकाचा दरोगा वेगळा, किल्ल्या वेगळ्या. जामदारखान्यातून शालू निघाला तर नोंद होते, फरासखान्यातून कनात निघाली तर नोंद होते. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नाची व्यवस्था नाना फडणवीसांनी याद्या करून लावून दिली होती, ती याच कारणाने. मोठ्या लग्नात गोंधळ हाच चोराचा मित्र, आणि यादी हा त्याचा शत्रू. तुमच्या नायिकेला हेरगिरी करायची असेल तर तिला तलवार देऊ नका, जामदारखान्याची वही वाचता येऊ द्या. शालू दोनदा बाहेर गेला आणि एकदाच आत आला, हे तिला दिसेल.

मानपानही विसरू नका. विडा कोणाला आधी, पोशाख कोणाला किती वस्त्रांचा, बैठकीत उजवीकडे कोण. एका सरदाराचा पाट दोन हात मागे सरकवला तर तो जेवणावरून उठतो, आणि त्याच्यामागे त्याचे दोन हजार स्वार उठतात. आत्तापर्यंत सांगितलेल्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त.

जादू कुठे घालायची, असं बरेच जण विचारतात. माझं मत: बाहेरून आणू नका, देवकात ठेवा. मराठा घराण्यांत प्रत्येकाचं देवक, म्हणजे कुळाची पूज्य खूण, असतं, कळंब, मोराचं पीस, पंचपल्लव असं काही. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. या एका नियमावर आख्खी प्रेमकथा उभी राहते. समजा देवकाचं झाड खरोखर घराण्याचं रक्षण करतं. ते तोडलं तर घराण्याच्या तलवारी गंजतात. आणि नायकाच्या आजोबांनी कधीकाळी दत्तक जाताना देवक लपवलं होतं. म्हणजे नायक-नायिकेचं देवक एकच निघतं की काय, हा प्रश्न प्रेमाचाही झाला आणि गादीचाही. जादूला किंमत लावा आणि मुहूर्ताचं बंधन घाला. कधीही, कुठेही चालणारी करणी असेल तर कटवाल्याला लग्नापर्यंत थांबायचं कारण उरत नाही.

आता मंडप. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की पाहुण्यांच्या लेखी लग्न लागलं. पंगती बसायला सुरुवात. पण धर्मशास्त्राच्या लेखी लग्न पक्कं होतं ते सप्तपदीच्या सातव्या पावलाला. मनुस्मृतीतही ते तसंच सांगितलंय. मध्ये कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम. सावकाश भटजी असले तर दोन-तीन घटका सहज जातात. या वेळात मंडप निम्मा रिकामा, सरदार जेवणावर, पहारा सैल, वधूवर धुराने डोळे चोळताहेत. कटवाल्यांमधला हुशार माणूस अंतरपाटाच्या क्षणी काहीच करणार नाही. सगळे सावध असताना तो गप्प राहील आणि या रिकाम्या मंडपाची वाट पाहील. शिवाय इथे वेदोक्ताचा, म्हणजे विधीला वेदातले मंत्र म्हणायचे की पुराणातले, हा प्रश्न उठवता येतो. १६७४ च्या मे अखेरीला शिवाजी महाराजांची मुंज झाली आणि राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले, तेव्हा कुठे जूनमधला राज्याभिषेक होऊ शकला. मंत्र कोणते म्हटले यावर राणीचा दर्जा ठरतो. भटजीने ऐन वेळी पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि ऐकणारं कोणी संस्कृत जाणत नसेल, तर? तुमच्या नायिकेला संस्कृत येत असेल, तर आणखी बरं.

होमाजवळ तांदळाच्या सात राशी. उजवं पाऊल एकेका राशीवर. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला मंत्र म्हणतो, 'सखा सप्तपदी भव', सखी हो. त्या शब्दांत कुठेही बायको हो असं नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्याला याहून चांगला संवाद फुकट मिळायचा नाही. म्हणून पहिली पाच पावलं दोन ओळींत उरका, आणि पाचव्या व सातव्या पावलांमध्ये पानभर जागा ठेवा. तिथे कोणीतरी मशाल विझवावी. सहावी रास पायाखाली आहे की नाही हे तिला दिसू नये. त्याने हात धरलेलाच असतो, त्यामुळे तिला फक्त विश्वास ठेवायचा की नाही एवढंच ठरवायचं उरतं.

एक जागा तरीही शिल्लक राहते. वरात घरी आली, लक्ष्मीपूजन झालं, की ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने वधूचं नवं नाव लिहितो. दफ्तरात, दानपत्रावर, चोळीबांगडीच्या सनदेवर तेच नाव चढणार असतं. ताट सासूच्या हातात असतं, आणि तांदळातली अक्षरं जरा धक्का लागला की विस्कटतात.